खालचा आवाज

काँग थेलिन जिना चढून वर आली तेव्हा हुनलांग सरांना आधी वास आला, सुक्या मासळीचा. मग दारात ती दिसली. खांद्यावर चौकड्यांची शाल, तोंडात क्वाईचा तांबडा विडा आणि पाठीवर काळ्या पिशवीतली गिटार. पिशवीचे पट्टे तिनं खांद्यांत घातले नव्हते. बाजारातल्या बायका मालाची टोपली आणतात तसा एक पट्टा कपाळावर घेऊन तिनं गिटार पाठीला लावली होती.

"खुब्लेई, बाह," तिनं नमस्कार केला. "मला शिकायचंय."

सरांनी पिशवी ओळखली. तिच्या एका कोपऱ्याला पिवळ्या कापडाचं ठिगळ होतं. आतली गिटार सहा वर्षांपूर्वी शिलाँगच्या पोलीस बाजारातल्या दुकानात त्यांनी स्वतः वाजवून निवडून दिली होती, दाशिशासाठी. दाशिशा थेलिनची धाकटी लेक. खासी कुटुंबात घर धाकट्या लेकीचं आणि आईचं म्हातारपणही तिच्याच पदरात. चार वर्षं ती सरांकडे शिकली. मग ती बंगळुरूला एका हॉटेलात नोकरीला गेली आणि वर्षभरात तापानं गेली. अकरा दिवसांचा ताप. मावलाईच्या कबरस्तानात तिला पुरलं तेव्हा सर मागच्या रांगेत उभे होते. नंतर घरी बसायला न जाता, कुणी क्वाई पुढे करायच्या आतच, टॅक्सी धरून ते परत आले होते.

"बसा, काँग," सर म्हणाले. इथं मानानं बाईला काँग म्हणायचं, पुरुषाला बाह.

ती बसली. कमरेच्या बटव्यातून एक विडा काढून तिनं त्यांच्या टेबलावर ठेवला. मग पिशवीच्या कप्प्यातून वही काढली.

"ही तिच्या मैत्रिणीनं गिटारीबरोबर पाठवली. शेवटच्या चार पानांवर काहीतरी गाणं आहे. शब्द नाहीत. नुसते ठिपके आणि दांड्या. मला ते वाचायचंय."

"वाचायला कशाला हवंय? मी वाजवून दाखवतो. पाच मिनिटांचं काम."

"नको," थेलिन म्हणाली. "तुम्ही वाजवलंत तर ते तुमचं होईल. मला वाचायचंय."

सरांनी वही उघडली. ती पानं त्यांना पाठ होती. दोन आवाजांची रचना. वरच्या आवाजाच्या दांड्या वर, खालच्याच्या खाली. आणि सगळ्या पानांवर तांबड्या शाईच्या फुल्या.

"हे तांबडं तुमचं ना?"

"हो. चुका दाखवल्यात. मास्तर दाखवतातच."

"पुष्कळ आहेत."

"शिकणाऱ्याच्या होतात."

तिनं मान डोलावली. बुधवारी दुपारी अडीचची वेळ ठरली.

हुनलांग सरांची खोली लाइतुमखराहच्या रस्त्यावर, एका बेकरीच्या वर. तीन खुर्च्या, एक टेबल, आणि भिंतीवर फळा. त्यावर स्वरलिपीच्या पाच रेघा पांढऱ्या रंगानं कायमच्या मारून ठेवलेल्या. फळ्याच्या वर काचेच्या चौकटीत आठ प्रमाणपत्रं. तरुणपणी सर एका बँडमध्ये वाजवत. बँड मोडला. जोडीदारांपैकी कुणी कोलकात्याला गेला, कुणी जहाजावर. सर मात्र टपालानं पुस्तकं मागवून शास्त्र शिकत बसले आणि एकेक परीक्षा देत शेवटच्या पायरीपर्यंत गेले. शिलाँगमध्ये गिटार वाजवणारा दर घरात एक सापडतो. पण ती का वाजते, कुठला स्वर कुठल्या स्वराजवळ का जातो आणि का जाऊ नये, हे सांगणारे त्या रस्त्यावर ते एकटेच. त्यांचा सगळा मान त्या चौकटींतच होता, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

म्हणून त्यांचा दंडक होता. कुणीही येवो, काहीही शिकायला येवो, पहिला अर्धा तास शास्त्राचा.

लाम्बोक नावाचा कॉलेजातला मुलगा यायचा. त्याला फक्त वेग हवा होता. मिनिटात किती स्वर, एवढंच. तो म्हणायचा, "सर, भुकेल्या माणसाला तुम्ही आधी स्वयंपाकाचं पुस्तक वाचायला देता का?" एव्हानिशा दहा वर्षांची. तिला परीक्षाच द्यायच्या होत्या, आणि त्याहून जास्त तिच्या आईला. आई शेजारच्या खुर्चीवर बसून स्वतःच टिपणं घ्यायची. बाह डोनबोक जंगल खात्यातून निवृत्त झालेला रखवालदार. त्याला रेडिओवर ऐकलेली जुनी गाणी वाजवायची होती, बाकी काही नाही. तो सरांहून मोठा, त्यामुळे त्याला दंडक लागू होत नसे.

"तीस वर्षं मी झाडांत काढली, हुनलांग," तो म्हणायचा. "निम्म्या झाडांची नावं मला आजही येत नाहीत. सावली सगळ्यांची पडते."

"पण कुठलं झाड विषारी ते तर ठाऊक असायला हवं ना, बाह?"

"ते कळतं. गुरं खात नाहीत."

थेलिन महिनाभरात कंटाळेल असं सरांना वाटलं होतं. पन्नाशी उलटलेली बाई, पहाटेपासून येवदूह बाजारात सुक्या मासळीच्या गाळ्यावर बसणारी. पहिल्या पंधरवड्यात तारांनी बोटं सोलवटली की भलेभले गिटार कपाटात ठेवतात. पण मिठानं आणि मासळीच्या काट्यांनी थेलिनच्या बोटांचं आधीच चामडं झालेलं होतं. तारा तिला लागल्याच नाहीत. जाताना ती ओल्या फडक्यानं गिटारीची मान पुसायची, तरी त्या खोलीत बुधवारचा वास गुरुवारपर्यंत राहायचा. एव्हानिशाची आई खिडकी उघडायची.

तिसऱ्या तासाला थेलिन फळ्यासमोर उभी राहिली, पाच रेघांकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाह, हे तर आमचंच आहे."

"कुणाचं?"

"आमच्या चर्चच्या वहीतलं. डो, रे, मी. आम्ही अक्षरं लिहितो. तुम्ही तीच अक्षरं शिडीला टांगलीत."

ती एकोणीस वर्षांची असल्यापासून चर्चच्या गायकांत बायकांच्या खालच्या ओळीला होती. डो-रे-मीच्या अक्षरांवरून कुठलंही भजन ती पहिल्या दमात गायची. शिडीची कुठली पायरी म्हणजे कुठलं अक्षर, एवढंच तिला कळायचं राहिलं होतं. ते कळलं आणि ती भराभर पुढे गेली. मासळी बांधायच्या वर्तमानपत्राच्या कडेला ती धडे लिहून आणायची. कागदावर तेलाचे डाग, आणि डागांमधून बिनचूक अक्षरं.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर सरांनी रस्त्यात दहा जणांना थांबवून सांगितलं असतं. इथं मात्र त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. ही बाई एक दिवस ती चार पानं वाचणार होती.

ते तिला फिरवू लागले. "त्या रचनेआधी तुम्हाला तीव्र-कोमल स्वर यायला हवेत." ते आले. "आता ताल मोजायचे प्रकार." तेही झाले. मग बारा पट्ट्या, मग त्यांची वर्तुळातली मांडणी, मग मोठ्या आणि लहान पट्टीतलं नातं. एप्रिल गेला, मे गेला, जून-जुलै गेले. थेलिन प्रत्येक वेळी विचारायची, "आता तरी?" आणि सर म्हणायचे, "थोडं राहिलंय, काँग." ती हुज्जत घालायची नाही. टेबलावर विडा ठेवायची, वही उघडायची, सांगितलेलं करायची.

तिचा तास संपताना लाम्बोक जिन्यावर उभा असायचा.

"काँग, तुम्ही माझ्याआधी परीक्षा पास होणार."

"तू जरा कमी धाव, पोरा. सूर काही पळून जात नाहीत."

"माझे जातात."

"मग त्यांना घाबरवत असशील."

तो हसायचा. थेलिनही हसायची, पण ते हसू जिना उतरेपर्यंत टिकत नसे.

ऑगस्टमध्ये एकदा बाह डोनबोक लवकर आला आणि त्यानं अर्धा तास बसून थेलिनचा तास ऐकला. ती गेल्यावर तो म्हणाला, "त्या बाईला तू कुठं नेतोयस?"

"शास्त्र शिकवतोय."

"मी विचारलं कुठं नेतोयस. जंगलात एक वाटाड्या होता. पाहुण्यांना तीन-तीन तास त्याच टेकडीभोवती फिरवायचा. एकदा मी त्याला धरला. म्हटलं, का रे? तर म्हणाला, पलीकडच्या उतारावरची झाडं मीच चोरून तोडलीत, ती कशी दाखवू?"

सर फळा पुसू लागले. डोनबोकनं तार लावली आणि आपलं रेडिओचं गाणं सुरू केलं.

त्या रात्री सरांना झोप लागली नाही. दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट समोर येऊन बसला.

दाशिशा तेव्हा बावीस वर्षांची होती. ती ही रचना घेऊन आली आणि बरोबर एक फॉर्म. चेन्नईच्या एका संगीत महाविद्यालयाचा. रचना पाठवायची होती, आणि सोबत गुरूचं पत्र. ती उशिराच आली होती, नेहमीसारखी. धापा टाकत तिनं वाजवायला घेतलं.

सरांनी ऐकलं. वरचा आवाज साधा होता, डोंगरातल्या पायवाटेसारखा वळत जाणारा. आणि त्याच्या खालून, बरोबर पाच स्वरांच्या अंतरावर, दुसरा आवाज चालत होता. वरचा 'प'वर गेला की खालचा 'सा'वर. वरचा एक पायरी चढला की खालचाही एक. शास्त्राच्या पुस्तकात दुसऱ्याच धड्यात हे मना केलेलं आहे. दोन आवाज या अंतरानं जोडीनं चालवू नयेत. चालवले तर ते दोन राहत नाहीत.

सरांनी तांबडं पेन काढलं.

"ही पहिली चूक. ही दुसरी. अगं, चार वर्षं काय शिकलीस तू?"

"सर, पण मी ते मुद्दाम..."

"मुद्दाम चूक केली म्हणून ती बरोबर होत नाही."

"पण कानाला बरं वाटतं ना, सर?"

"कानाला काय, कुत्र्याच्या भुंकण्याचीही सवय होते."

 सर फुल्या मारत गेले. शेवटी तिनं हळूच विचारलं, "पत्र पुढच्या आठवड्यात द्याल का? बाविसाव्या तारखेपर्यंत पोचायला हवं."

"याच्याखाली मी माझं नाव घालू? आधी नियम पाळायला शीक. पुढच्या वर्षी बघू."

तिनं वही मिटली, "बरं, सर," म्हटलं आणि गेली. ऑक्टोबरमध्ये ती बंगळुरूला गेल्याचं त्यांना एव्हानिशाच्या आईकडून कळलं.

एवढंच असतं तर सरांनी स्वतःची समजूत काढली असती. नियम तर नियमच. पण ती वाजवत होती तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला होता. खालचा आवाज वरच्याला सोडत नव्हता, आणि ते ऐकताना त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटलं होतं. ते का वाटलं हे त्यांना सांगता येईना. सगळ्या परीक्षा पास झालेल्या माणसाला सांगता येईना. आणि समोरच्या मुलीला ते सहज आलं होतं. त्याचा त्यांना राग आला होता. बावीस वर्षांचे असताना त्यांच्यासाठीही कुणी पत्र लिहिलं नव्हतं. पेन हातात घेतलं तेव्हा हे सगळं त्यांना ठाऊक होतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या बुधवारी थेलिन वेळेवर आली. खुर्चीवर बसली. बटवा उघडला नाही. वहीची शेवटची चार पानं उघडून तिनं ती सरांसमोर धरली. प्रत्येक स्वराखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरं लिहिलेली होती.

"वरची ओळ मी जुलैतच वाचली होती," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही. घरी गाऊन बघायची मी. चाल ओळखीची वाटायची, पण कुठली ते ध्यानात येईना."

"मग?"

"मी फुल्या मारलेले स्वर सोडून देत होते. चुकीचे म्हणून. म्हटलं, पोरीच्या चुका कशाला पाठ करायच्या. परवा रात्री वाटलं, चुका झाल्या तरी तिच्याच आहेत. तेही गाऊन बघू."

ती थांबली. खाली बेकरीत कुणीतरी पत्र्याचे ट्रे एकमेकांवर रचत होतं.

"हा खालचा आवाज मी आहे, बाह."

सरांनी पानावरून मान वर केली.

"मागच्या पडवीत आम्ही मासळी निवडायला बसायचो. ती काहीतरी गुणगुणायची. तिचा आवाज वर जायचा. माझा तेवढा पोचत नाही. मग मी खालून धरायचे, मला झेपेल तिथून, आणि ती जाईल तशी मागून जायचे. चर्चमध्ये असं गायलं तर आमचे गायनमास्तर ओरडतात. घरी कोण ओरडणार? तिला आवडायचं. मी थांबले तर तीही थांबायची. म्हणायची, मेई, तू खालून चल ना." तिनं पानावर बोट ठेवलं. "बारा फुल्या आहेत. मी मोजल्या. वरच्या ओळीवर एकही नाही. बाराच्या बारा माझ्यावर आहेत."

"काँग, नियम असा आहे की..."

"नियम खोटा आहे का?"

"नाही. खोटा नाही. पण तो एका तऱ्हेच्या संगीताचा आहे. सगळ्याच गाण्याला लागू होतो असं नाही."

"हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"तिला सांगितलंत?"

"नाही."

थेलिन वाट बघत होती. आता थांबलो तर पुन्हा कधीच तोंड उघडणार नाही, हे सरांना कळलं. त्यांनी सांगून टाकलं. चेन्नईचा फॉर्म, पत्र, बाविसावी तारीख, कुत्र्याचं भुंकणं. अंगावर आलेला काटासुद्धा. सांगताना ते टेबलाकडे बघत होते.

थेलिननं पानावरचं बोट उचललं. मग म्हणाली, "ती मला म्हणाली होती, फॉर्मची तारीख विसरले."

"तसं नव्हतं."

"मी तिला बोलले त्यावरून. इतकी कशी वेंधळी म्हटलं. चार दिवस बोलले. एक शब्द उलटून बोलली नाही." तिनं शाल सावरली. "तुमचं नाव राखलं तिनं."

तिनं वही घेतली, गिटार पिशवीत घातली, पट्टा कपाळाला लावला आणि ती जिना उतरून गेली. जिन्यात लाम्बोक उभा होता. तो आत आला आणि म्हणाला, "काँगना काय झालं? माझ्याशी बोलल्या नाहीत."

"तू बस," सर म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी त्याला काहीच शिकवलं नाही. लाम्बोक आपला आपणच वाजवत राहिला, आणि त्यालाही मग वेगात मजा येईना.

ती पुन्हा येणार नाही असं सरांनी धरलं होतं. पुढच्या बुधवारी अडीच वाजता ती दारात उभी होती.

"वाचता येतं," ती म्हणाली. "वाजवता येत नाही. अंगठा खालच्या ओळीला आणि बोटं वरच्या ओळीला, हे जमत नाही. तेवढं शिकवा."

सरांनी खुर्ची पुढे ओढली.

सहा बुधवार तसे गेले. ती "खुब्लेई" म्हणत नव्हती, सरही म्हणत नव्हते. विडा नाही, लाम्बोकची थट्टा नाही. "अंगठा मोकळा ठेवा." "असा?" "हो." "इथं बोट बदला." एवढंच बोलणं. सर जन्मभर पुष्कळ बोलून शिकवत आले होते. आता प्रत्येक शब्द तोंडातून काढण्याआधी ते तो तपासत होते, आणि बहुतेक शब्द नको होते असं त्यांच्या ध्यानात येत होतं. एकदा तिचा अंगठा चुकून भलत्या तारेवर गेला. सरांनी सवयीनं जिभेचा च्यक् आवाज केला. तिनं मान वर करून बघितलं. सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

ऑक्टोबरच्या शेवटी तिनं चारही पानं एका दमात वाजवली. सात-आठ ठिकाणी चुकली, दोनदा थांबली, एकदा मागे जाऊन पुन्हा आली. वाजवताना ती ओठांतल्या ओठांत खालची ओळ गात होती. वरची ओळ नुसत्या तारांवर होती, तिला गळा नव्हता. सर मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर थेलिननं गिटार टेबलाला टेकवून ठेवली.

मग थेलिन म्हणाली, "ते पत्र लिहा."

"कुठलं?"

"तेव्हा मागितलं होतं ते."

"आता कुणाला, काँग?"

"मला द्या."

सरांनी तीन दिवस खर्च करून पत्र लिहिलं. दोन पानी, चांगल्या कागदावर, इंग्रजीत. पुढच्या बुधवारी त्यांनी ते तिला खासीत उलगडून सांगितलं. असामान्य प्रतिभा. दुर्मीळ जाण. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात अशी विद्यार्थिनी. थेलिननं पहिलं पान संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि हात वर केला.

"ही कोण?"

"म्हणजे?"

"ही कुणाबद्दल लिहिलंत? माझी मुलगी अशी नव्हती. कधी वेळेवर येत नव्हती, तुम्हीच ओरडायचात. डावी करंगळी तिची लुळी पडायची. धडे करायचा तिला कंटाळा होता. वहीवरचं नावसुद्धा माझ्याकडून लिहून घ्यायची, अक्षर वळणदार काढ म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "तेव्हा तुम्हाला चुकांशिवाय काही दिसलं नाही. आता गुणांशिवाय काही दिसत नाही. दोन्ही वेळा तुम्ही तिच्याकडे बघितलं नाहीत, बाह. आपल्याकडेच बघितलंत. खरं लिहा."

सरांनी कागद परत घेतले.

या वेळी दोन आठवडे लागले. ते लिहायचे आणि फाडायचे. एक मुलगी चार वर्षं समोर बसली होती. तिची करंगळी आठवत होती, उशिरा आल्यावरची धाप आठवत होती, पण ती वाजवताना कुठं बघायची हे आठवेना. फळ्याकडे? खिडकीकडे? एके संध्याकाळी अंधार पडेपर्यंत ते तिच्या खुर्चीसमोर बसून राहिले, आणि तरीही आठवलं नाही. तेही मग त्यांनी पत्रात लिहिलं.

नोव्हेंबरात थंडी पडली होती. थेलिन बसली, सरांनी अर्ध्या पानाचं पत्र वाचलं.

दाशिशा चार वर्षं माझ्याकडे शिकली. ती उशिरा यायची आणि धडे अर्धे करायची. डाव्या करंगळीत जोर नव्हता. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला होता. सोबतच्या रचनेत बारा ठिकाणी दोन आवाज पाच स्वरांच्या अंतरानं जोडीनं चालतात. ते तिनं जाणूनबुजून केलं आहे, कारण तिच्या घरी तसं गातात. मी ते चूक ठरवलं. ते ऐकताना मला चांगलं वाटलं होतं, आणि ते मी तिला सांगितलं नाही. ती वाजवताना कुठं बघायची ते मला सांगता येत नाही, कारण मी वहीकडे बघत होतो. तिला प्रवेश द्यावा.

"पुन्हा वाचा," थेलिन म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं. 

"सही करा."

त्यांनी सही केली. तारखेपाशी पेन थांबलं. "तारीख कुठली घालू, काँग? तेव्हाची?"

"आजची घाला. तेव्हाची घातलीत तर पुन्हा खोटंच."

त्यांनी आजची घातली. थेलिननं पत्राची घडी करून वहीत ठेवली, वही पिशवीत. दाराशी जाऊन ती थांबली. सरांना वाटलं, काही बोलेल. तिनं पट्टा नीट केला आणि ती गेली.

त्यानंतर ती आली नाही. नाताळच्या आधी लाम्बोकनं एकदा सांगितलं की काँग बाजारात भेटल्या, बऱ्या आहेत, थोड्या वाळल्यात. सरांनी पुढे विचारलं नाही. येवदूहला जाणं त्यांनी सोडलं. काही लागलं तर ते इथल्याच बाजारातून आणायचे. बुधवारची अडीचची वेळ जानेवारीत बँकेतल्या एका बाईंना दिली. त्यांना भाचीच्या लग्नात एक गाणं वाजवायचं होतं, फक्त एक.

बाह डोनबोकला यातलं थोडं लाम्बोककडून कळलं होतं, थोडं त्याचं त्यानं ताडलं होतं. एका तासाला तार लावता लावता त्यानं विचारलं, "माफ केलं का तिनं तुला?"

"मी माफी मागितलीच नाही."

"का रे?"

"मागितली असती तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं," सर म्हणाले.

डोनबोकनं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, कळलं नाही. तार अजून थोडी उतरलेली होती. सरांनी हात पुढे करून खुंटी पिळली, आणि डोनबोकनं आपलं गाणं सुरू केलं.